वर्दी खुंटीला, वचक मात्र गल्लीत

बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षे झाली असतील. आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वडील जमादार होते आणि आम्ही पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. तो आठवडी बाजाराचा दिवस होता. वडिलांना सुट्टी होती. म्हणजे सुट्टी म्हणायची एवढेच, ठाण्यातून बोलावणे आले की पायात बूट चढवायचेच. वर्दी खुंटीला टांगलेली होती. पायजमा आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून, माझ्या हातात पिशवी देऊन ते बाजाराला निघाले.

वांगी घेताना वजनावरून एका शेतकऱ्याशी त्यांची बाचाबाची झाली. माणूस परगावचा होता, त्याने वडिलांना ओळखले नव्हते. शब्दाने शब्द वाढला आणि वडिलांनी त्याच्या कानाखाली लगावली. तो माणूस वडिलांपेक्षा तरणा होता, अंगाने थोराड होता. त्याचाही हात वर गेला. तेवढ्यात शेजारची कांदेवाली ओरडली, "आरं, जमादारसायब हायती ते!" आणि वर गेलेला तो हात हळूहळू खाली आला. मग त्याच हाताने त्याने दोन पसे वांगी जास्तीची आमच्या पिशवीत घातली. पैसेही घेतले नाहीत.

घरी आल्यावर मी आईला सगळे सांगून टाकले. आईने पिशवी उंबऱ्याच्या आत घेतली नाही. "ही भाजी माझ्या चुलीवर चढायची न्हाई," एवढेच ती म्हणाली. पुढच्या बाजारी वडील त्या शेतकऱ्याला शोधत गेले आणि त्याचे पैसे देऊन आले. माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. मागितली नसावी. आमच्या वडिलांना ते जमण्यासारखे नव्हते.

आज वडील नाहीत. पोलिसाच्या गैरवर्तनाची बातमी वाचली की मला ती थप्पड आठवत नाही, तो खाली आलेला हात आठवतो. त्या दिवशी वडिलांच्या अंगावर वर्दी नव्हती, कमरेला पट्टा नव्हता, ते कोणाला पकडायलाही गेले नव्हते. तरीसुद्धा त्या माणसाला परत मारता आले नाही. दोन माणसांच्या साध्या भांडणात एका बाजूला अख्खे ठाणे उभे होते. आणि या प्रसंगाची नोंद कुठल्याही स्टेशन डायरीत झाली नाही. जी काही चौकशी झाली, ती आमच्या आईच्या चुलीपाशी.

चोवीस तासांचा पोलीस

सुट्टीवरच्या, घरी असलेल्या, साध्या कपड्यांतल्या पोलिसाने केलेल्या आगळिकीचा जाब कोणी आणि कुठे विचारायचा? प्रश्न साधा वाटतो. पण ठाण्यात, तहसिलात, चहाच्या टपरीवर त्याचे उत्तर ठरलेले असते : "तो त्याचा खासगी मामला आहे, खात्याचा काय संबंध?" हे उत्तर कायद्याला धरून आहे का, हे एकदा नीट तपासून पाहायला हवे.

आपल्याकडे पोलिसांचा मूळ कायदा १९५१ चा. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, त्यानंतर तो आपल्यालाही लागू झाला. तोवर इथे निजामी अमलाच्या आठवणी ताज्या होत्या. त्या अमलात ठाण्याच्या अधिकाऱ्याला 'अमीन' म्हणत आणि अमीनसाहेबाचे घर कुठले व कचेरी कुठली, असा भेद रयतेने कधी केला नाही. नव्या कायद्याचे नाव आधी मुंबई पोलीस अधिनियम होते, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम आहे. त्याचे २८ वे कलम सांगते की, रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस या कायद्याच्या सर्व कामांसाठी सदैव कर्तव्यावर आहे, असे मानावे. म्हणजे पाळी संपवून घरी आलेला, जेवायला बसलेला शिपाईसुद्धा कायद्याच्या डोळ्यांनी कर्तव्यावरच असतो. म्हणूनच त्याला मध्यरात्री उठवून बंदोबस्ताला पाठवता येते. रस्त्यात अपघात दिसला तर "माझी ड्युटी संपली" असे म्हणून त्याला पुढे जाता येत नाही.

बरे, रजेवर असताना तरी तो मोकळा असतो का? तसेही नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ साली झाले. त्यातला तिसरा नियम प्रत्येक शासकीय कर्मचाऱ्याने सर्व काळ सचोटी राखावी आणि पदाला न शोभणारे काहीही करू नये, असे बजावतो. सर्व काळ म्हणजे कचेरीची वेळ नव्हे. रजेतही नाव हजेरीपटावर असते आणि पगार चालू असतो, तोवर हा नियमही चालू असतो.

सर्वोच्च न्यायालयासमोर १९९२ साली पंजाबातल्या एका शिपायाचे प्रकरण आले होते. अंगरक्षकाच्या कामावरचा हा शिपाई कमरेला सरकारी रिव्हॉल्व्हर लावून, दारू पिऊन बसस्थानकावर भटकताना सापडला. तपासणीसाठी दवाखान्यात नेले तर तिथल्या डॉक्टरांनाही त्याने शिव्या दिल्या. त्याला बडतर्फ केले गेले आणि न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. निकालात न्यायालयाने एक भेद केला. कामाच्या वेळेबाहेर कोणी आपल्या घरात दारू घेऊन बसला, तर तेवढ्यावरून गैरवर्तन होत नाही. पण शिस्तीच्या खात्यातला माणूस कामावर असताना त्या अवस्थेत सापडला, तर तो एकच प्रसंगही बडतर्फीला पुरेसा आहे.

मला हा भेद शहाणपणाचा वाटतो. पोलिसालाही घर आहे, त्याच्याही घराला दार आहे. त्या दाराआड तो काय खातो, काय पितो, कोणत्या देवाला हात जोडतो, यात डोकावण्याचे कारण नाही. प्रश्न त्या दाराबाहेर सुरू होतो. आणि दाराच्या आतही, जेव्हा बायको-लेकरांवर हात उठतो तेव्हा.

दोन तास बांध

एका कुटुंबाची हकिकत सांगतो. गाव आमच्याच जिल्ह्यातले. नाव सांगत नाही, कारण ती माणसे रोज एकमेकांसमोर येतात. दोघा भावांची वाटणी झालेली, मधे बांध. एकाचा मुलगा पोलिसात लागला, दुसऱ्या जिल्ह्यात नेमणूक. दिवाळीच्या रजेवर तो गावी आला आणि ट्रॅक्टर लावून बांध दोन तास चुलत्याच्या रानात सरकवला. चुलता आडवा आला तेव्हा त्याने त्याला ढकलले नाही, मारले नाही. फक्त मोटारसायकल बांधावर उभी केली. पुढच्या काचेवर 'पोलीस' असे लिहिलेले. म्हणाला, "काका, तक्रार द्यायची तर खुशाल द्या. ठाण्यात समदे आपलेच दोस्त हायेत."

काका ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार भला माणूस होता. त्याने बसायला बाक दिला, चहा पाजला आणि घरातले भांडण घरात मिटवा, असा सल्ला दिला. फारच आग्रह धरला तेव्हा अदखलपात्र म्हणून एक कागद करून दिला. काकांनी तो घडी घालून खिशात ठेवला. बांध आज तिथेच आहे, जिथे पुतण्याने नेऊन ठेवला.

यात कोणाचे डोके फुटले नाही, पेपरात बातमी आली नाही. पण खेड्यात पोलिसाच्या सुट्टीतल्या दमदाटीचे रूप बहुतेक वेळा असेच असते. बांधावरची दादागिरी, पाणंदीचा रस्ता अडवणे, व्याजाने दिलेल्या पैशांच्या वसुलीला 'आमचा दादा पोलिसात आहे' असे सांगत जाणे, भाड्याची खोली रिकामी न करणे. ज्याच्यावर हे बेतते त्याच्यापुढे दोन वाटा असतात. पहिली, ज्या ठाण्यात समोरच्याचे दोस्त बसले आहेत त्याच ठाण्याची पायरी चढायची. दुसरी, गप्प बसायचे. कुंपणाने शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची, ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

या काकांना कोणी सांगितले नाही, ते इथे सांगतो. शिपायाच्या शिस्तीचा मालक तो ज्या गावी रजेवर आला त्या गावचे ठाणे नसते. त्याची नेमणूक ज्या जिल्ह्यात आहे तिथला पोलीस अधीक्षक असतो. काकांचा अर्ज पोस्टाने तिकडे जायला हवा होता. दुसरे असे की, दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात ते स्पष्ट लिहिले आहे. ठाण्याने नकार दिला तर तीच खबर लेखी स्वरूपात अधीक्षकाकडे पाठवायची आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सरकारी नोकरावर खटला भरायला सरकारची मंजुरी लागते, या धास्तीने पुष्कळ लोक माघार घेतात. पण ही मंजुरी कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यापुरती आहे. पोलिसांना कर्तव्याच्या नावाखाली मिळणारे कवच किती दूरवर पोचते, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच दोन प्रकरणांत १९६६ साली सांगितले आहे. लाच घेणे किंवा संशयितांना कोंडून मारणे ही कर्तव्याच्या नावाखाली केलेली कृत्येच होत नाहीत, असे ते निकाल आहेत. मग बांध सरकवणे कुठून होणार?

म्हणजे कायद्याचा हिशेब सरळ आहे. शिस्तीसाठी पोलीस चोवीस तास पोलीस. संरक्षणासाठी मात्र कर्तव्यापुरताच पोलीस. व्यवहारात आपण नेमके उलटे करून ठेवले आहे. धाक दाखवताना तो चोवीस तास पोलीस असतो आणि जाब विचारायची वेळ आली की एकाएकी खासगी माणूस होतो.

'खासगी बाब' या शब्दाची किंमत

या 'खासगी बाबी'ची किंमत किती भयंकर असू शकते, ते अश्विनी बिद्रे-गोरे यांच्या प्रकरणाने दाखवून दिले. कोल्हापूर जिल्ह्यातली ही मुलगी पोलीस खात्यात अधिकारी झाली, सहायक पोलीस निरीक्षक पदापर्यंत पोचली. सांगलीत असताना वरिष्ठ अधिकारी अभय कुरुंदकर याच्याशी तिची ओळख झाली. ११ एप्रिल २०१६ रोजी ती बेपत्ता झाली. घरच्यांनी शोध सुरू केला, अर्ज केले, खेटे घातले. अपहरणाचा गुन्हा दाखल व्हायला २०१७ चा जानेवारी संपत आला. आणि त्याच जानेवारीत, प्रजासत्ताक दिनी, कुरुंदकरला राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झाले. त्याला अटक झाली ती त्या वर्षीच्या डिसेंबरात. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली. ज्याच्यावर संशय आहे अशा अधिकाऱ्याच्या नावाची पदकासाठी शिफारस झालीच कशी, असा सवाल न्यायालयानेही केला.

इथे बेपत्ता झालेली बाई स्वतः पोलीस अधिकारी होती. तिच्या माहेरच्यांना कायदा समजत होता, मुंबई गाठण्याइतके बळ त्यांच्याकडे होते, उच्च न्यायालयापर्यंत ते गेले. तरीही निकालाला नऊ वर्षे लागली. तिच्या जागी उमरगा किंवा भूम तालुक्यातली एखादी शेतमजूर बाई असती तर? हा प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि उत्तराची भीती वाटते.

अलीकडच्या दोन घटना आपल्या दाराशीच घडल्या. कळंबहून मांजरा ओलांडली की केज तालुका लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, तेव्हा केज ठाण्याचा एक उपनिरीक्षक आरोपींसोबत हॉटेलात बसल्याचे चित्रण बाहेर आले आणि त्याला निलंबित करावे लागले. चहा कोणाबरोबर प्यावा, हा कोणाचाही खासगी प्रश्न आहे. पण फौजदार कोणाबरोबर चहा पितो, हे गाव पाहत असते आणि त्यावरून तक्रारीला जायचे की नाही ते ठरवत असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणला बीड जिल्ह्यातली एक तरुण डॉक्टर मुलगी मृतावस्थेत सापडली. तिने तळहातावर लिहून ठेवलेल्या मजकुरात एका उपनिरीक्षकाचे नाव होते. तो निलंबित झाला, अटकेत गेला. खरेखोटे न्यायालय ठरवील. परंतु जिवंतपणी दाद मागण्यासाठी तिला कागद पुरला नाही, ही गोष्ट कोणत्याही बापाच्या काळजाला घरे पाडणारी आहे.

महाराष्ट्राने या विषयावर देशाला एकदा शिकवले आहे, हेही विसरता कामा नये. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना सोडले. १९७९ साली चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. त्या बदललेल्या कायद्यातला एक बारकावा फार थोड्यांच्या लक्षात आला. पोलिसाने आपल्या नेमणुकीच्या ठाण्याच्या हद्दीत असा गुन्हा केला तर त्याला सामान्य गुन्हेगारापेक्षा कडक शिक्षा ठेवली गेली. तो त्या वेळी कामावर होता की घरी, हे कलम विचारत नाही. फक्त हद्द विचारते. नव्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. ज्या हद्दीत लोक तुला 'साहेब' म्हणतात त्या हद्दीत तू चोवीस तास साहेबच आहेस, हे तत्त्व संसदेने चाळीस वर्षांपूर्वी मान्य केले. खात्याच्या रोजच्या कारभारात ते अजून उतरलेले नाही.

निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे

एखादे प्रकरण गाजले की दुसऱ्या दिवशी मथळा येतो : 'पोलीस निलंबित'. वाचणाऱ्याला वाटते, झाली शिक्षा. प्रत्यक्षात निलंबन ही शिक्षाच नव्हे. चौकशी होईपर्यंत माणसाला बाजूला बसवणे, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण निम्म्या पगाराइतका. विलंब त्याच्यामुळे झालेला नसेल तर तीन महिन्यांनी तो वाढवताही येतो. मग खातेनिहाय चौकशी. दोषारोपपत्र, उत्तर, साक्षी, चौकशी अधिकाऱ्याची बदली, नवा अधिकारी, पुन्हा साक्षी. तोवर लोकांना प्रकरणाचा विसर पडतो. शेवटी एखादी वेतनवाढ रोखली जाते आणि माणूस दुसऱ्या ठाण्यात रुजू होतो. तिथल्या लोकांना त्याचा पूर्वेतिहास कोणी सांगत नाही.

'फौजदारी खटल्याचा निकाल लागू द्या, मग चौकशी करू' हेही एक आवडते कारण. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगून ठेवले आहे की, खटला आणि खात्याची चौकशी एकाच वेळी चालायला सहसा आडकाठी नाही. खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. चौकशीत हा माणूस या पदाला लायक आहे का, एवढेच पाहायचे असते. दोन्ही तराजू वेगळे आहेत.

आणि मनात आणले तर खाते काहीही करू शकते, हेही आपण पाहिले आहे. परभणीच्या ख्वाजा युनूस या तरुण अभियंत्याच्या कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणात निलंबित झालेला सचिन वाझे सोळा वर्षांनी, २०२० साली, पुन्हा सेवेत घेतला गेला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रकरणात नाव आल्यावर घटनेच्या ३११ व्या कलमातल्या अपवादाचा आधार घेऊन चौकशीविना त्याला बडतर्फ करण्यात आले. म्हणजे एकाच माणसासाठी सोळा वर्षे थांबणारे दार एका वर्षात उघडले आणि बंदही झाले. नियम तेच होते, इच्छा बदलली.

दुसरी बाजू

इथवर वाचून एखादा पोलीस बांधव म्हणेल, "सोपे आहे लिहिणे." त्याचे म्हणणे ऐकायलाच हवे. मी लाइनीत वाढलो आहे. नवरात्रात तुळजापूरला देवीच्या दर्शनाला लोकांची रीघ लागते, तेव्हा आमच्या घरात माळ एकटी आईच घालत असे. वडील घटस्थापनेला गेले की कोजागरी उलटल्यावर घरी येत, पाय सुजलेले असत. बारा-बारा तास उभे राहणे, सणाला घर नाही, लेकराच्या आजारपणाला रजा नाही. मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, त्याचे केवढे कौतुक झाले! आठ तास काम ही इतरांसाठी शंभर वर्षांपूर्वीची मागणी आहे. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी संप केला आणि त्यांची संघटना मोडली गेली. तेव्हापासून शिपायाला आपले गाऱ्हाणे सांगायला जागा उरलेली नाही. वरच्याने खालच्यावर राग काढायचा आणि खालच्याने बाजारातल्या भाजीवाल्यावर, अशी ती उतरंड आहे. त्या दिवशीच्या वांग्यांच्या भांडणाआधी वडिलांना कोणी काय बोलले होते, हे मला आता विचारता येणार नाही.

खोट्या तक्रारीही होतात. गुटख्याची गाडी पकडणाऱ्या, वाळूचा ट्रॅक्टर अडवणाऱ्या शिपायावर सूड म्हणून अर्ज पडतात. वरिष्ठांना नकोसा झालेला माणूस शिस्तीच्या नावाखाली चिरडला जातो. लहानाला शिक्षा आणि मोठ्याला पदक, असाच अनुभव येत राहिला तर चौकशीवर खात्यातल्यांचाही विश्वास बसत नाही. म्हणून जबाबदारी ठरवायची तर ती पद्धतीने, ठराविक मुदतीत आणि सर्व पदांना सारखी ठरवायला हवी. मुदतीत निकाल लागला तर निर्दोष पोलिसाचाही त्यात फायदाच आहे. वर्षानुवर्षे टांगत्या तलवारीखाली त्याचेही घर राहत असते.

पण थकवा हे कारण झाले, सबब नव्हे. ऊसतोड मजूर काय कमी थकतो? त्याने गावात येऊन कोणाला थोबाडीत दिली तर त्याला लगेच जाब द्यावा लागतो.

अडीचशे किलोमीटरवरचा न्याय

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह प्रकरणात निकाल दिला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी एक प्राधिकरण राज्यस्तरावर असावे आणि एक प्रत्येक जिल्ह्यात असावे; जिल्ह्यातल्या प्राधिकरणावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावा आणि प्राधिकरणाची शिफारस खात्यावर बंधनकारक असावी, असा तो आदेश होता. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली खरी, पण 'जिल्हा' या शब्दाच्या जागी महसुली 'विभाग' घातला. धाराशिवच्या माणसासाठी विभाग म्हणजे छत्रपती संभाजीनगर, सुमारे अडीचशे किलोमीटर. उमरग्याच्या माणसाला त्याहून दूर. बांध गमावलेल्या काकांनी एका तारखेसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून तिकडे जावे, अशी ही रचना आहे.

गंमत म्हणजे या प्राधिकरणापुढे नेता येणाऱ्या विषयांच्या यादीत कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, भ्रष्टाचार आणि खंडणी यांच्या जोडीला जमीन किंवा घर बळकावणे हाही विषय आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना पोलिसाचा बांधावरचा उद्योग ठाऊक होता. फक्त बांधापासून कचेरी किती लांब, हे त्यांनी मोजले नाही. आठ तालुक्यांच्या आमच्या जिल्ह्यात असे एक प्राधिकरण का असू नये? निवृत्त न्यायाधीश जिल्ह्याला मिळत नाहीत असे थोडेच आहे!

त्याखेरीज काही गोष्टींना कायदा बदलण्याचीही गरज नाही. पोलिसाविरुद्धच्या तक्रारीची चौकशी त्याच्या स्वतःच्या किंवा गावच्या ठाण्याकडे न देता दुसऱ्या उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे द्यावी, हा अधीक्षकांच्या एका आदेशाचा विषय आहे. अशा किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी कचेरीच्या फलकावर लागावा. पदकासाठी, पदोन्नतीसाठी नाव जाण्याआधी प्रलंबित तक्रारी तपासाव्यात. खासगी गाडीवर 'पोलीस' अशी पाटी लावण्याची हौस मोडून काढावी.

हे दुखणे आपल्याच देशाचे आहे असेही नाही. लंडनमध्ये मार्च २०२१ मध्ये एका सुट्टीवरच्या पोलिसाने आपले ओळखपत्र आणि बेड्या दाखवून एका तरुणीला गाडीत बसवले आणि तिचा खून केला. त्याच्या आधीच्या किळसवाण्या चाळ्यांच्या तक्रारी वेळीच नीट पाहिल्या असत्या तर तो पोलिसात राहिलाच नसता, असे पुढे झालेल्या चौकशीत निघाले. तिथल्या पोलिसांच्या आचारसंहितेत 'कामावर असो वा नसो' हे शब्द आधीपासून होते. शब्द पुरत नाहीत. लहान तक्रार लहान असतानाच पाहावी लागते.

आणि घरातल्या बायकांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. ज्यांचा नवराच पोलिसात आहे आणि घरात मारझोड करतो, त्यांना त्याच्याच ठाण्यात जाण्याची सक्ती नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली महिला व बालविकास खात्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. स्त्रियांवरच्या गंभीर गुन्ह्यांची खबर नोंदवून घ्यायला नकार देणाऱ्या पोलिसाला स्वतःलाच तुरुंगवासाची शिक्षा आहे. शेजारपाजारच्या बायांनी हे एकमेकींना सांगून ठेवावे.

वडील निवृत्त झाल्यावर गावातल्या चावडीसमोर बसत. येणारा-जाणारा त्यांना 'जमादार' म्हणून नमस्कार करी. एकदा मी त्यांना त्या वांग्यांची आठवण काढून दिली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यानं उलट मारली असती तर बरं झालं असतं. मिटलं असतं तिथंच."

वर्दीतल्या माणसाला उलट मारण्याची मुभा कोणालाही नसावी, असावीही का? पण मारता येत नाही म्हणून निदान विचारता तरी आले पाहिजे. त्या शेतकऱ्याचा हात खाली आला, कारण त्याच्या मागे उभे राहील असे काहीच त्याला दिसत नव्हते. ते उभे करणे हे शासनाचे काम आहे. तोवर एखाद्या पोलिसाच्या घरात, दारात आलेली पिशवी आत न घेणारी बाई असेल, तर तिचे आपण सर्वांनीच उपकार मानायला हवेत.